डबीखालचं जाळं

गल्लीत तिला सगळे पट्टीवाली वहिनी म्हणत. शेजारच्या शिवणवालीचा टेप हरवला की ती मुद्दाम भिंतीवर थाप मारून ओरडे, "पट्टीवाली, तुमची पट्टी द्या की जरा!" आणि वहिनी पातेलं घासता घासता उत्तर देई, "माझी नेता येत नाही हो, पुलाला ठोकलीय."

ठोकलेलीच होती. गल्ली जिथे संपते तिथे ओढा, ओढ्यावर जुना दगडी पूल, आणि पुलाच्या मधल्या खांबाला एक पांढरी उभी पट्टी, काळ्या रेघांची आणि आकड्यांची. पाणी जिथवर टेकेल तो आकडा वाचायचा, फोनने फोटो काढायचा, आकडा ॲपमध्ये टाकायचा. हिरवी खूण उमटली की पोचला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. असे आकडे ठिकठिकाणची साधी माणसं पाठवत. नकाशावर प्रत्येकाचा एक निळा ठिपका असे, आणि वरच्या अंगाला पाणी चढलं की खालच्या गल्ल्यांतल्या फोनवर इशारा वाजे.

हे सगळं सुरू झालं ते पुरानंतर. त्या पुरात ओढा रात्रीतून घरात शिरला होता आणि सासूबाईंच्या पलंगाचे पाय बुडाले होते. सासूबाई खुब्याचं हाड मोडून त्याआधीपासूनच अंथरुणाला खिळलेल्या. पाणी चढताना त्यांनी पडल्या पडल्या पाहिलं होतं. नंतर पुराचा इशारा देणाऱ्या सरकारी कार्यालयातून एक चटपटीत बाई आली, गल्लीला फोनवर नकाशा दाखवला, पाणी मोजायला कोण तयार आहे विचारलं. पुष्कळांनी हात वर केले. हौसेला मोल नसतं. पण आरंभशूरांची हौस ओसरली, आणि उरली एकटी वहिनी. त्या बाईचं नाव मात्र पडलं ते पडलंच, नकाशावाली.

वहिनी का टिकली, याचं कौतुक सगळ्यांनी केलं, विचारलं कुणीच नाही.

घरात तीन माणसं. मुलगा शिकायला लांब. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, सकाळी डबा घेऊन गेला की दिवेलागणीनंतर उगवायचा. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की याला फोन. जेवताना तो गमती सांगे. "अगं, आज एक गृहस्थ अडकले होते. आतून आरडाओरडा, देवाचा धावा. मी दार उघडलं, म्हटलं या बाहेर. तर आतच उभे! काही माणसांचं असंच असतं बघ. दार उघडलं तरी पाय उचलत नाही." आणि स्वतःच हसे. इतरांना सोडवणाऱ्या या माणसाच्या घरात कोण कुठे अडकलंय, ते त्याच्या ध्यानात येण्यासारखं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो उगाच नाही.

सासूबाईंच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा असे. हवं ते हाक मारून मागण्याऐवजी त्या पेला वाजवत. पाणी हवं, वाजव. कूस बदलायची, वाजव. काहीच नको पण सून दिसेनाशी झाली, तरी वाजव. वहिनी बाजारात जात नसे, भाजी दारावर. लग्नकार्याला जात नसे, नवरा जाऊन येई. देवळाची पायरी तिने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. देव घरातही ऐकतो असं ती स्वतःला सांगे, आणि ऐकतो हे खरंच आहे. पण माणसाला कधी तरी आपण चालत त्याच्याकडे जावंसं वाटतं, एवढंच.

फक्त पट्टीसाठी मात्र सासूबाई स्वतः म्हणत, "सूनबाई, पाणी बघून ये." भीती ती, दुसरं काय! एकदा त्यांनी विचारलं होतं, "घरातून नाही का काढता येत तो फोटो?"

"नाही ना आई. फोनला कळतं मी कुठे उभी आहे ते. पुलाजवळ नसले तर आकडा घेतच नाही."

"मेल्या फोनला बरं सगळं कळतं!"

बाकीचे लोक फोन आपल्यावर नजर ठेवतो म्हणून कुरकुरतात. वहिनीला ती नजर देवासारखी वाटे. ती नसती तर पूल नसता.

सासूबाईंचा नियम एकच. त्यांच्या कपात चहा ओतायचा, बशीने झाकायचा, आणि तो निवायच्या आत परत यायचं. तेवढ्या वेळात पट्टी वाचायला श्वासभर लागे. उरलेला सगळा तिचा. कठड्याला कोपरं टेकून ती खाली बघत राही. भोवऱ्यात एखादी चप्पल गोल गोल फिरत असे. काठावर पाणकोंबडी पिल्लांना दटावत असे. वाऱ्याने पदर उडे, तो ती लगेच सावरत नसे. मग पाण्याला हात जोडून घरी. बशी उचलून बघितलं तर कपातून अजून वाफ निघत असे.

एके दिवशी नकाशावाली आली ती हातात खोकं घेऊनच. घरी येऊन, सासूबाईंच्या पलंगाशेजारी बसून, तिने आतली पांढरी डबी दाखवली. "वहिनी, ही आता पुलाच्या कठड्याखाली लटकणार. ही खाली पाण्याकडे आवाज सोडते, आपल्याला ऐकू येत नाही असा. तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी कुठवर आलंय ते हिला समजतं. रात्रंदिवस. पावसापाण्यात. काही दिवस तुमचा आकडा आणि हिचा आकडा ताडून बघू. जुळले की झालं! तुम्हाला रोज यायचं कारणच नाही. सुटलात!"

"सुटली हो माझी सून," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "उन्हातान्हात वणवण करायची."

"आणि एक," नकाशावाली जाता जाता म्हणाली, "डबीखाली कोळी जाळं करतात. आवाज जाळ्यावरूनच परत येतो आणि तिला वाटतं पाणी वर आलं. जाळं दिसलं तर तेवढं झाडूने काढत जा. पुढच्या आठवड्यापासून तुमच्या गल्लीचा इशारा हिच्यावरच जोडणार आहेत."

वहिनीने ऐकलं. हातात गरम भांडं असताना माणूस जसं ऐकतं, तसं. पण ऐकलं.

नवऱ्याने त्या संध्याकाळी मिठाई आणली. "बायको रिटायर झाली माझी!" शिवणवालीने भिंतीवर थाप मारली, "पट्टीवाली, आता तुमचं नाव बदलायचं का?" वहिनी हसली. हसता हसता घशात मिठाईचा तुकडा अडकला आणि तिला ठसका लागला. सासूबाई म्हणाल्या, "कुणी तरी आठवण काढली." आठवण काढणारं बाहेर कोण होतं तिचं? ओढाच असेल.

डबी बसली. आकडे जुळायला लागले. रोज जुळत. इतके जुळत की वहिनीला डबीचा राग येई, जसा नव्या सवतीचा यावा. ती पट्टी वाची आणि फोनमध्ये शेजारीच डबीचा आकडा दिसे. तोच. तिचा हात आकडा टाकताना एकदा अडखळला. दोन बोटं जास्त टाकली तर? कोण येणार होतं पाण्यात उतरून बघायला? पण तिला ते जमलं नाही. ओठावर देवाचं नाव आणि बोटाखाली खोटा आकडा, हे तिच्याने होईना. खरा आकडा टाकून ती घरी आली.

आणि मग एका सकाळी तिला डबीच्या कडेला एक धागा दिसला.

या घरात जळमटाला थारा नव्हता. सासूबाई छताकडे तोंड करून पडलेल्या, त्यांना दुसरं काम काय? कोपऱ्यात एक तंतू लोंबला तरी पेला वाजे. वर्षानुवर्षं त्या तालमीत तयार झालेले वहिनीचे डोळे. तिने धागा पाहिला, झाडू आणायला हवा असं मनात म्हणाली, आणि कठड्याला कोपरं टेकून पाण्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी तीन धागे. दुसऱ्या दिवशी जाळ्याचं चाक पूर्ण झालं. कोळी लहानसा, राखाडी, मोठा उद्योगी. वहिनीने त्याला काही केलं नाही. खोटं काही टाकलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही, हात सुद्धा हलवला नाही. पाप करायला हात हलवावाच लागतो असं थोडंच आहे?

आकडे जुळेनासे झाले. नकाशावालीचा फोन आला. "वहिनी, मशीनचा आकडा वर दाखवतोय आणि तुमचा खाली. अजून थोडे दिवस तुम्हाला यावं लागणार. सॉरी हं!"

"असू द्या हो ताई. त्यात काय."

"डबीखाली जाळंबिळं नाही ना?"

"मी बघते हं," वहिनी म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तिने खरंच बघितलं. जाळं आणखी दाट झालं होतं. त्यात एक वाळकं पान येऊन अडकलं होतं आणि वाऱ्याने हलत होतं. त्या दिवशी चहा कोमट होईपर्यंत ती पुलावर राहिली. सासूबाई बोलल्या. बोलू देत, ती मनात म्हणाली.

इशारा वाजला तो भर दुपारी. आभाळ निरभ्र. वहिनी सासूबाईंच्या अंगाखालची चादर बदलत होती. आधी तिचा फोन किंचाळला, मग भिंतीपलीकडे शिवणवालीचा, मग गल्लीतले एकामागून एक. पाणी वेगाने चढत आहे, वर जा. कार्यालयात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. एकीकडे आकडे जुळत नाहीत म्हणून चर्चा चालली होती, आणि दुसरीकडे कुणी तरी ठरल्या दिवशी डबी इशाऱ्याला जोडून मोकळा झाला होता.

वहिनीला त्या क्षणी कळलं. सकाळी पट्टीच्या तळाशी पाणी होतं, दगड उघडे पडले होते.

"मला वर ने," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. लहान मुलासारखा. "सूनबाई, मला वर ने. आधी मला ने."

"आई, पाणी नाहीये. खरंच नाही. घाबरू नका."

"तुला काय माहीत? तू काय पुलावर उभी आहेस?"

याला उत्तर होतं. एकच होतं. ते जिभेवर आलं आणि तिथेच चिकटलं. जाळं आहे म्हणावं, तर कधी पाहिलंस? पाहिलंस तर काढलं का नाहीस? सासूबाई पेला वाजवत होत्या, सून समोर उभी असताना वाजवत होत्या. आणि दारात शिवणवाली आणि कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला येऊन ठेपले. "वहिनी, बघत काय बसलात? धरा!"

सासूबाईंना खुर्चीत बसवलं. लाँड्रीवाल्याने पाठ धरली, शिवणवालीने एक पाय, वहिनीने दुसरा. माळ्यावरच्या खोलीचा जिना अरुंद, वळणाचा. प्रत्येक पायरीला म्हातारी देवाला हाक मारत होती, आणि वहिनी खुर्चीचा पाय घट्ट धरून ते वजन उचलत होती, ज्याची काही गरज नव्हती. हे माहीत असणारी त्या जिन्यावर ती एकटीच. वळणावर खुर्ची कलली. म्हातारीचा हात भिंत आणि खुर्ची यांच्यामध्ये सापडला. ती ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढला.

वर बसून सगळे वाट पाहत राहिले. पाणी आलं नाही. गल्लीत एक कुत्रं कोरड्या रस्त्यावर झोपलं होतं, ते सुद्धा उठलं नाही.

खाली उतरताना लाँड्रीवाला कपाळावर हात मारत म्हणाला, "इस्त्री केलेले सगळे कपडे ओल्या गाठोड्यात कोंबून आलोय मी! गिऱ्हाइकं आता फाडून खातील मला. ऐका, पुढच्या वेळी तो फोन कितीही कोकलू दे. नाकातोंडात पाणी गेलं तरी हा माणूस जागचा हलायचा नाही."

"असं बोलू नये," शिवणवाली म्हणाली.

"बोलू नये काय? लांडगा आला रे आला!"

नवरा धावतपळत आला. आईच्या हाताला सूज. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, शेकत राहा. रात्री नव्हे, दुसऱ्या सकाळी, नवरा कामावर गेल्यावर, वहिनी सासूबाईंचा हात शेकत होती. सासूबाईंची नजर नेहमीसारखी छताला.

"मशीन बिघडलं म्हणतात," सासूबाई म्हणाल्या.

"हं."

"शिवणवाली पुलावर जाऊन आली काल. म्हणाली, डबीखाली एवढं मोठं जाळं. पान अडकलंय त्यात."

वहिनीने फडका पुन्हा गरम पाण्यात बुडवला.

"या खोलीतला धागा तुला स्वयंपाकघरातून दिसतो," सासूबाई म्हणाल्या. "मीच शिकवलंय. आणि तिथलं अख्खं जाळं नाही दिसलं?"

फडका पिळता पिळता वहिनीचे हात थांबले. पाणी थेंब थेंब गळत राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "जायचं होतं तर सांगायचं."

"सांगितलं असतं तर सोडलं असतंत?"

खोटं बोलायची म्हातारीला सवय नव्हती, टोचून बोलायची होती. "नाही," ती म्हणाली. "एकटीला भीती वाटते गं मला. तू दाराबाहेर गेलीस की पलंगाखाली पाणी आल्यासारखं वाटतं." आणि लगेच आवाज चढवून, "फडका गार झाला. लक्ष कुठंय?"

दुपारी नकाशावाली आली. तोंड उतरलेलं. गल्लीने तिला वाटेतच गाठलं असणार. चहाला नको म्हणाली. "वहिनी, वरून फार बोलणी बसली. मशीन काढून टाकतोय आम्ही. तुमचा आकडा कधी चुकला नाही. तुम्हीच सांभाळा परत, सकाळ-संध्याकाळ, पूर्वीसारखं. चालेल ना?"

वहिनीला हवं होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं. नुसतं हो म्हणायचं. पण मागचा पूर रात्री आला होता. ती पुलावर दोनदा जाते आणि रात्री निजते, डबी निजत नाही. डबी काढली, आणि पुढचं पाणी अंधारात चढलं, तर कोण बघणार? आणि डबी ठेवूनही खरं काय घडलं ते गल्लीला कळलं नाही, तर लाँड्रीवाला जागचा हलणार नाही. त्याच्या दुकानामागच्या खोलीत त्याची मुलं झोपतात. सकाळपासून तिने देवापुढे डोळे मिटले की तिला देव दिसण्याऐवजी ती खोली दिसत होती.

"काढू नका ताई," ती म्हणाली. "डबी शहाणी आहे. जाळं होतं. मी पाहिलं होतं."

"कधी?"

"पहिल्या धाग्यापासून."

नकाशावालीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा राग आला नाही, राग परवडला असता. तिने नवलाने विचारलं, "पण का, वहिनी?"

"पुलावर जायला मिळतं म्हणून."

"अहो, पण पुलावर तुम्ही तशाही जाऊ शकता की! पूल काय कुणाच्या मालकीचा आहे?"

वहिनीने आतल्या पलंगाकडे पाहिलं. पूल सगळ्यांचा होता, पण कामाशिवाय दाराबाहेर पडणं तिच्या हातात नव्हतं. हे या पायात बूट घातलेल्या, खांद्याला पिशवी अडकवलेल्या पोरीला कुठून सुरू करून सांगायचं? "तसंच आहे ते," ती म्हणाली.

लाँड्रीवाल्याला तिने स्वतः जाऊन सांगितलं. चार घरं ओलांडून, सासूबाईंना विचारून. तो शिव्या देईल वाटलं होतं. तो इस्त्री फिरवत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मशीन खरं बोलतं?"

"जाळं नसलं की खरं बोलतं."

"आणि तुम्ही?"

तिने मान खाली घातली. "इशारा वाजला तर मुलांना घेऊन वर जा, भाऊ. माझ्यावरचा राग त्यात नका काढू." त्याने इस्त्री बाजूला उभी केली.

डबीभोवती गुळगुळीत टोपण बसलं, कोळ्याला पाय रोवता येऊ नये असं. गल्लीने चार दिवस चघळायचं ते चघळलं. शिवणवालीची भिंतीवरची थाप बंद झाली, मग हळूहळू पुन्हा सुरू झाली, पण पट्टीवाली हाक गेली ती गेली. ॲपवर संदेश आला, आपल्या नोंदींची आता गरज नाही, योगदानाबद्दल आभार. नकाशावर पुलाचा ठिपका होता तिथेच होता, फक्त निळ्याचा करडा झाला. नवरा म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. सुटलीस ना एकदाची?" मनाने वाईट नव्हता तो. तिला तेच जड जाई.

आता सकाळ झाली की तिचे हात आपोआप बशी शोधत. चहा ओतून झाकायचं कारण उरलं नव्हतं. सासूबाई तो गरम गरम पीत.

एका संध्याकाळी पेला वाजला. ती गेली. सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "त्या डबीकडे बघून ये जरा. जाळं धरलं असेल."

"टोपण लावलंय आई आता. धरत नाही."

"कोळ्याला टोपण कळतं होय? जा म्हणते तर जा. चहा ठेव इथं."

वहिनीने चहा ठेवला, बशीने झाकला. लांब दांड्याचा झाडू घेतला आणि निघाली. पुलावर वारा होता. डबी धुतल्या भांड्यासारखी स्वच्छ. पट्टीवर पाणी टेकलेला आकडा तिने वाचला, आणि तो टाकायला कुठेच जागा नव्हती. ती कठड्याशी उभी राहिली. खाली ओढा तोच, पाणकोंबडी तीच, पिल्लं मोठी झालेली. कोपरं टेकायला हवी होती. पण हातात झाडू होता, आणि काम झालेलं असताना इथे कसं उभं राहायचं, ते काही केल्या तिला आठवेना.

लाँड्रीवाला सायकलवरून चालला होता. "काय वहिनी, परत बिघडलं की काय?"

"नाही नाही. जाळं बघायला आले होते," ती घाईने म्हणाली, आणि तिने स्वच्छ डबीखालून दोनदा झाडू फिरवला.

घरी आली तेव्हा बशीखाली चहा अजून ओठ भाजेल इतका गरम होता.

"एवढ्यात आलीस?" सासूबाई म्हणाल्या.

"झालं काम."

"होतं का जाळं?"

वहिनीने झाडू दारामागे टेकवला. "नव्हतं."

म्हातारीने दुखरा हात छातीवर घेतला आणि मान भिंतीकडे वळवली. "उद्या असेल," ती म्हणाली.